गुलाबी घाणा

“आमटी अळणी होती की नाही? खरं सांगा.”

आवाज सासूबाईंचा. मी दाराबाहेर, हातात चहाचा ट्रे.

“होती,” मामंजी म्हणाले. “पण तिच्यापुढं बोलायचं नाही. नवीन माणूस कौतुकावर ठेवायचं. म्हणजे टिकतं.”

थोडं थांबून त्यांनी पुस्ती जोडली, “वीरेशला तेच सांगतो मी. कारखान्यात काय, घरात काय.”

मी दोन पावलं मागं गेले, बांगड्या वाजवल्या आणि मग आत शिरले.

मामंजींनी पहिला घोट घेतला. “वा, सूनबाई. चहा म्हणजे चहा.”

त्यात आलं घातलं होतं की नाही, मला आता खात्री वाटेना.

लग्नाला जेमतेम महिना झाला होता. या घरात मला बोलायचं काम फारसं पडत नव्हतं, ऐकायचंच पडायचं. पोळी जाड झाली, छान. भात गिचका झाला, छान. आधी वाटलं, किती चांगली माणसं आहेत. मग वाटायला लागलं, ही माणसं जेवतात तरी कधी?

घर साखरेच्या गाठ्यांचं. पाडव्याला गुढीवर चढते, लहान पोरांच्या गळ्यात पडते ती साखरेची माळ आमच्या परसातल्या कारखान्यात तयार होते. पाक कढवायचा, दोरा सोडलेल्या लाकडी साच्यात ओतायचा, निवला की साचा उघडायचा. एका कढईत निघालेला माल म्हणजे एक घाणा. माल पौषापासून निघतो, पण खरा धंदा फाल्गुनातला. पाडवा उलटला की गाठीला कुत्रं विचारत नाही.

आणि ऐन फाल्गुनात लिंबाजी निघून गेला होता.

लिंबाजी पाकावरचा माणूस. पाक दोन बोटांत धरून तार बघायची आणि ‘उतरवा’ म्हणायचं, एवढंच त्याचं काम. पण तो ‘उतरवा’ म्हणाल्याशिवाय कढई हलायची नाही. जरा आधी उतरवली तर गाठी साच्याला चिकटते, जरा उशिरा उतरवली तर करपते.

तो गेला याहून ह्यांना लागलं ते वेगळंच. हे म्हणजे वीरेश, माझे यजमान. ज्याचा सगळ्यांत जास्त मान केला, तोच गेला.

ह्यांनी पुण्याला एका हॉटेलात शिबिर केलं होतं. माणसं टिकवायची कशी, या विषयावर. तिथून येताना एक फळा आणला, चिकटवायचे तारे आणले आणि ‘महिन्याचा मानकरी’ ही पदवी आणली. ज्याच्या कामामुळं माल जास्त खपेल तो मानकरी. पौषात लिंबाजीला फेटा बांधला, हातात चषक दिला, फोटो काढून कारखान्याच्या दारावर लावला. मी लग्न होऊन आले तेव्हा तो फोटो पहिल्यांदा पाहिला. लिंबाजीच्या चेहऱ्यावर असा भाव, की फेटा नसता तर फोटो पोलिसांनी काढलाय असं वाटलं असतं.

त्यानंतर म्हणे तो दुपारच्या डब्याला एकटा बसायला लागला. साचे बांधणारा हुसेन त्याचा जुना जोडीदार. तोही “या मानकरी, बसा मानकरी” करायला लागला. लिंबाजी ऐकून घ्यायचा. एका सकाळी चषक खिडकीत ठेवलेला मिळाला आणि लिंबाजी मिळाला नाही.

पलीकडच्या कारखान्यानं फोडला असणार, असं ह्यांनी धरून ठेवलं. दोन दिवस तिकडं शिव्या देण्यात गेले. मग कळलं, तो गावाबाहेरच्या मठात आहे. अन्नदानाचा स्वयंपाक करतो. पगार नाही, काही नाही.

दुसऱ्या कारखान्यात गेला असता तर ह्यांना इतकं लागलं नसतं.

मामंजींनी बजावून ठेवलं होतं. हा हंगाम बुडाला तर भट्टी विझवायची आणि जागा गोडाऊनला भाड्यानं द्यायची. त्यामुळं ह्यांना झोप नव्हती. बसले तर पाय हलायचा, उभे राहिले तर मोबाईल. जेवताना तर हे ताटाकडं बघायचेच नाहीत. तरीही म्हणायचे, छान झालंय.

त्या सकाळी चहा झाल्यावर ठरलं, मठात जायचं. लिंबाजीला आणायला आलो असं दिसू नये म्हणून मला बरोबर घेतलं. नव्या जोडप्यानं दर्शनाला जावं, यात कुणाला काय दिसणार?

मामंजी पुढं बसले, हे गाडी चालवायला. मी मागं. माझ्या मांडीवर गाठ्यांचा खोका आणि खोक्यावर चषक. दोन्ही सांभाळ म्हणाले. गचका बसला की चषक खोक्यावर टकटक करायचा, आणि हे आरशातून माझ्याकडं बघायचे.

मठ म्हणजे माळावरच्या दोन खोल्या, एक पत्र्याची शेड आणि लिंबाची झाडं. वारा सुटला होता. पाचोळा एका जागी ठरत नव्हता.

शेडच्या तोंडाशी एक म्हातारा बनियनवर बसून तांदूळ निवडत होता. मी त्याला विचारणार होते, बुवा कुठं आहेत. बरं झालं, मी फार बोलत नाही. तेच भुजंगबुवा.

आम्ही पाया पडलो. बुवांनी मला हातानंच शेजारी बसायला सांगितलं आणि सूप माझ्याकडं सरकवलं. मी खडे वेचायला लागले. त्या घरात महिनाभरात कुणी मला इतकं सरळ काम सांगितलं नव्हतं.

शेडच्या आत चुलीवर मोठं पातेलं होतं. पलीकडं लिंबाजी, आमच्याकडं पाठ करून. त्यानं वळून पाहिलं, हात जोडले आणि पुन्हा पातेल्यात बघायला लागला.

मामंजींनी हवापाण्याच्या गोष्टी काढल्या. हे मात्र थांबले नाहीत.

“बुवा, लिंबाजीला तुम्ही काय देता?”

“कुणाला?”

“लिंबाजीला.”

बुवांनी तांदळातला एक खडा काढून बाजूला ठेवला.

“काही नाही.”

“आणि त्यानं चांगलं केलं, की?”

“की काय?”

“म्हणजे... काही कौतुक वगैरे?”

“अजून चांगलं केलं नाही त्यानं.”

हे माझ्याकडं बघायला लागले. मी सुपात बघत होते.

बुवांनीच मग सावकाश सांगितलं. लिंबाजी पहिल्या दिवशी आला तेव्हा त्यानं गव्हाची खीर केली होती. बुवा भर पंगतीत म्हणाले, लिंबाजी, तळाला लागलीय. दुसऱ्या दिवशी गहू कच्चा राहिला, तेही सांगितलं. तिसऱ्या दिवशी गूळ जास्त झाला. लिंबाजी रोज मुक्कामाचं गाठोडं बांधायचा आणि रोज सोडायचा.

“आणि तरी राहिला?” मामंजींनी विचारलं.

“म्हणून राहिला.”

...

ह्यांचा मोबाईल वाजला. हे उठून झाडाखाली गेले. लिंबाजी गेल्यापासून कढईवर हुसेन होता. वाऱ्यातून तुकडे ऐकू येत होते. पुन्हा? सगळा घाणा? हुसेनला म्हणावं आच कमी कर. बरं मग वाढव. परत आले तेव्हा कपाळावर घाम होता. बसले आणि लगेच उठले. गाडीतून खोका आणि चषक घेऊन आले. खोका माझ्याजवळ दिला, चषक बुवांसमोर ठेवला.

ह्यांचं म्हणणं एवढंच होतं, की आम्ही काही वाईट मालक नाही. साऱ्या गावात कुणी आपल्या कामगाराला असा मान दिला नसेल. दिला असेल तर बुवांनी नाव सांगावं.

बुवांनी चषक हातात घेऊन उलटसुलट पाहिला. जवळच्या तांब्यातलं पाणी त्यात ओतलं आणि तोंडाला लावायला गेले. बुडाच्या भोकातून पाणी त्यांच्या लुंगीवर सांडलं.

“भोक आहे,” बुवा म्हणाले.

“ते प्यायचं नसतं, बुवा.”

“मग?”

“ठेवायचं असतं.”

“कुठं?”

 शिबिरात हा प्रश्न निघाला नसावा.

पातेल्यातला आवाज थांबला होता. लिंबाजीची पाठ अजून तशीच, पण कान आमच्याकडं असावेत. उलथनं हातात तसंच राहिलं होतं.

मग जेवायची वेळ झाली. माळावरची गुराखी माणसं, रस्त्याच्या कामावरच्या दोघी बायका, एक ट्रकवाला आणि आम्ही, सगळे एका ओळीत बसलो. पत्रावळी आल्या. लिंबाजी स्वतः वाढत होता. माझ्या पानात खीर वाढली. ह्यांच्या पानात वाढायला गेला तर ह्यांनी हात आडवा धरला. हे गोड खात नाहीत. मामंजींनीही हात धरला. त्यांना मधुमेह आहे.

लिंबाजी दोघांनाही ‘बरं’ म्हणून पुढं सरकला. मला वाटलं, हे ‘बरं’ त्यानं याआधीही खूपदा म्हटलं असेल.

बुवांनी खीर तोंडात घातली. लिंबाजी हातात पळी घेऊन उभा राहिला.

बुवा हळूहळू चावत होते. वाऱ्यानं पत्रा वाजत होता. मला उगीचच माझ्या सासरच्या जेवणाच्या टेबलाची आठवण झाली. तिथं मी अशीच भिंतीला टेकून उभी असते, हातात पळी घेऊन. पण तिथं ‘छान’ घास घ्यायच्या आधीच येतं.

बुवांनी दुसरा घास घेतला. मग तिसरा.

“लिंबाजी,” ते म्हणाले. “आज झाली.”

एवढंच. लिंबाजीनं मान हलवली आणि तो आत गेला. पण त्याची पाठ बदलली होती. कशी बदलली ते मला सांगता येणार नाही. फेट्यातल्या फोटोत तो असा उभा नव्हता, एवढं खरं.

हात धुवून झाल्यावर हे पुन्हा बुवांसमोर बसले. आता आवाज खाली आला होता. हे म्हणाले, सगळं करून पाहिलं. पगार वाढवला, तारे लावले, फोटो लावला, दिवाळीला प्रत्येकाला मिठाईचा खोका दिला.

“मिठाई,” बुवा म्हणाले. “साखरेच्या कारखान्यात?”

मामंजींना ठसका लागला. खरं म्हणजे हसू असावं.

“तुम्हीच सांगा मग,” हे म्हणाले. “आम्ही एवढं सगळं दिलं, तुम्ही काहीच दिलं नाही. तरी तो तुमच्याकडं. असं का?”

बुवांनी जमिनीवरची काडी उचलली, दात कोरला, काडी टाकून दिली.

“तुम्ही त्याला शाबासकी दिलीत,” ते म्हणाले. “मी त्याची खीर खाल्ली.”

...

मोबाईल पुन्हा वाजला. ह्यांनी तो बंद केला. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा.

“काय आणलंय ते?” बुवांनी माझ्याजवळच्या खोक्याकडं बोट केलं.

मी खोका उघडला. आत गुलाबी गाठ्या. पांढऱ्यांपेक्षा दिसायला देखण्या म्हणून ह्यांनी मुद्दाम त्या निवडल्या होत्या. याच आठवड्यातला माल.

बुवांनी एक गाठी उचलून मामंजींपुढं धरली. मामंजी म्हणाले, मला साखर आहे. ह्यांच्यापुढं धरली. हे म्हणाले, मी गोड खात नाही, बुवा, मघाशी पाहिलंत ना.

बुवांनी ती माझ्या हातावर ठेवली.

मी एक पदक मोडलं. गाठीच्या माळेतल्या एकेका वडीला आमच्याकडं पदक म्हणतात. तोंडात टाकलं. आधी गोड लागलं. मग जिभेच्या मागच्या बाजूला काहीतरी आलं. करपलेल्या दुधाच्या पातेल्यासारखं. कडवट.

“कशी आहे?” बुवांनी मला विचारलं.

“छान आहे,” मामंजी म्हणाले. “आमचीच आहे ना.”

मी तोंड उघडलं आणि मिटलं. नव्या सुनेनं सासऱ्यांचा शब्द बुवांसमोर खोडायचा नसतो. पण हातातली उरलेली गाठी कुठं ठेवावी हेही कळेना. मी उठले, शेडमध्ये गेले आणि ती लिंबाजीच्या हातावर ठेवली.

त्यानं माझ्याकडं पाहिलं. मग गाठीकडं. जिभेच्या टोकाला लावली, पुरती खाल्लीसुद्धा नाही.

“धाकले मालक,” त्यानं आतूनच हाक मारली. “ही गुलाबी कशापायी?”

ह्यांनी सांगितलं, गुलाबीला मागणी आहे. तुझ्याच गुलाबी घाण्यावरून कळलं आम्हाला. पौषातला तो घाणा इतका खपला की त्यावरच तर तुला मानकरी केलं. आता हुसेनला सांगून ठेवलंय, शक्यतो गुलाबीच कर.

लिंबाजी बाहेर आला. हात पंच्याला पुसत राहिला. पुसून झाले तरी पुसतच राहिला.

“मालक,” तो म्हणाला. “घाणा करपला की गुलाबी रंग टाकत्यात.”

...

 

“पांढऱ्यात करपलेलं दिसतं. गुलाबीत झाकतं. त्या दिवशी पोरगी दवाखान्यात होती माझी, ध्यान नव्हतं जाग्यावर. तार पुढं गेली. हुसेनभाईनं रंग टाकला. म्हणला, जाऊ दे, कोण खातंय. म्या म्हणलं, मालकाला सांगतो. सांगायला आलो व्हतो मी, मालक. तुमच्या खोलीच्या दारापर्यंत आलो व्हतो.”

“मग?” ह्यांचा आवाज मला ओळखू आला नाही.

“तुम्ही फेटा बांधला.”

हे खाली बघत होते. मामंजी दुसरीकडं. बुवा पुन्हा तांदूळ निवडायला लागले होते. जणू हे सगळं त्यांच्या सुपाच्या बाहेरचं होतं.

“भट्टीवरच्या सगळ्यांना ठाव व्हतं,” लिंबाजी म्हणाला. “दारातनं आत गेलं की माझाच फोटो. हुसेनभाई मानकरी म्हणायचा तवा त्याला तरी काय म्हणू? रंग त्यानं टाकलेला, घाणा माझा.”

 गाठीचा तुकडा अजून त्याच्या मुठीत होता. त्यानं तो पुन्हा नाकाजवळ नेला, हुंगला आणि कपाळाला आठ्या घातल्या. मग मामंजींना विचारलं, कढईवर हुसेनभाई एकटाच? मामंजींनी मान डोलावली. लिंबाजीनं जीभ टाळूला लावून ‘च्’ केलं आणि आत जाऊन चुलीतली लाकडं ओढली, राख सारली, पातेल्यावर झाकण ठेवलं. बाहेर आला तेव्हा पायात चपला होत्या.

“भट्टी बघून येतो, बुवा.”

“ये,” बुवा म्हणाले. “नाहीतर नको येऊ.”

लिंबाजी गाडीकडं चालायला लागला. हे एकदम उठले. त्याला काय काय देणार, ते ह्यांच्या ओठांवर आलेलं मला दिसत होतं. बुवांनी नुसता हात वर केला.

“आता काही देऊ नका त्याला. बसू द्या.”

“पण मी काय करू, बुवा? तो टिकायला पाहिजे. बाकीचेही टिकायला पाहिजेत.”

बुवांनी खोक्याचं झाकण लावलं आणि तो ह्यांच्या हातात दिला.

“ही घरी न्या. सगळ्यांनी मिळून खा.”

“ह्या? ह्या तर...”

“ह्याच.”

चषक मात्र त्यांनी ठेवून घेतला. म्हणाले, कोंबड्यांना दाणे घालायला बरा. दाणे काही त्या भोकातून पडत नाहीत.

परतताना लिंबाजी पुढं बसला, हे गाडी चालवायला, आणि मामंजी मागं माझ्याशेजारी. लिंबाजीनं पुढं बसायला कितीदा नाही म्हटलं, मामंजींनी ऐकलं नाही. खोका आमच्या दोघांच्या मधे.

 माळावरची धूळ गाडीच्या मागं मागं येत होती. लिंबाजी खिडकीबाहेर बघत दोन बोटं एकमेकांवर घासत होता. पाकाची तार बघतात तशी, नुसती हवेत.

“आमचे बाबा मोडायचे,” मामंजी अचानक म्हणाले. कुणाला म्हणाले कळलं नाही. “प्रत्येक घाण्याची पहिली गाठी. भट्टीपाशी बसून, सगळ्यांसमोर. पाकवाला उभा राहायचा पुढ्यात. मालकानं मान हलवली की मग पुढचा घाणा चढायचा.”

“व्हय,” लिंबाजी म्हणाला. “माझा बाप उभा राहायचा.”

“मला साखर निघाली आणि मग ते राहूनच गेलं.”

...

मामंजींनी खोका उघडला. एक पदक मोडून, इकडंतिकडं बघून तोंडात टाकलं. डॉक्टर जणू मागच्या गाडीतच होता. मग दुसरं मोडून पुढं ह्यांच्या हातात दिलं. ह्यांनी रस्त्यावरची नजर न काढता ते खाल्लं.

मी आरशात बघत होते. आधी ह्यांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. मग ते आलं, जिभेच्या मागच्या बाजूला. डोळे बारीक झाले. घशाखाली गेलं.

लिंबाजीनं मान वळवून ह्यांच्याकडं पाहिलं. बुवांपुढं पळी घेऊन उभा होता तसं.

आणि हे सवयीनं म्हणाले, “छान आहे.”

लिंबाजीची दोन बोटं थांबली. त्यानं पुन्हा खिडकीबाहेर तोंड केलं. पुढं चौक दिसत होता. एक रस्ता कारखान्याकडं जात होता, एक एस.टी. स्टँडकडं.

“इथं थांबवा, मालक,” तो म्हणाला. “उतरतो मी.”

ह्यांनी गाडी थांबवली नाही, पण हळू केली. मामंजींना सुचेना. घाईघाईनं त्यांनी जे हाताशी होतं ते केलं, माझ्याकडं वळले आणि माझं कौतुक करायला लागले. लिंबाजीनं ऐकावं म्हणून थोडं मोठ्यानं. सूनबाईनं कसं बरोबर ओळखलं, कशी न बोलता उठून गेली, आमच्या घरात लक्ष्मी आली, हिच्या हाताला काय चव आहे म्हणून सांगू, परवाची आमटी तर अशी झाली होती, की...

“अळणी होती, मामंजी,” मी म्हणाले.

गाडी थांबली. तिघेही माझ्याकडं बघत होते. माझा आवाज मलाच ओळखीचा वाटेना, पण तोंड उघडलंच होतं.

“आमटी अळणी होती. आणि ही गाठी करपलेली आहे. आता तुम्ही म्हणा.”